रानालगतच्या शेतघरात दोन रात्री: काय, कधी आणि कोणत्या क्रमानं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा, गुंजी, लोंढा या पट्ट्यात रानाला लागून असलेल्या शेतघरांत मुक्काम करून परतणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते: दोन दिवस राहिलो आणि चार वानरं तेवढी दिसली. रान रिकामं नसतं. वेळापत्रक चुकलेलं असतं. शनिवारी अंधार पडल्यावर पोचायचं, बारापर्यंत शेकोटी आणि गाणी, सकाळी नऊला पोहे, मग धबधबा आणि जेवून परतीचा रस्ता. यात पहाट आणि तिन्हीसांज, म्हणजे जनावरं बाहेर पडायच्या दोन्ही वेळा, हातच्या जातात.

बरोबर क्रम असा: आधी जागा ओळखायची, मग एका ठिकाणी गप्प बसायचं आणि चालायचं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण आल्या आल्या चालायला निघतात. आपल्या पावलांनी आणि वासानं शिवाराची कड रिकामी झाली की मग बसून उपयोग होत नाही. खालचे टप्पे दोन रात्रींच्या हिशेबानं दिले आहेत. एकच रात्र असेल तर सातवा टप्पा सोडा, पण चौथा आणि पाचवा सोडू नका.

टप्पा १: महिना ठरवा, मग काय बघायचं ते ठरवा

एकाच मुक्कामात सगळं दिसावं ही अपेक्षा धरली की काहीच नीट बघून होत नाही. ऋतूप्रमाणे एकच मुख्य गोष्ट ठरवा.

जून ते सप्टेंबर हे बेडूक, साप, कीटक, अळंबी आणि ओढ्यांचे दिवस. कणकुंबी-चोर्ला घाटाकडे पाऊस दिवसेंदिवस उघडत नाही. मोठी जनावरं या काळात क्वचितच दिसतात, कारण पाणी आणि चारा सगळीकडे असतो, त्यांना उघड्यावर यायची गरजच पडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात पिकतं आणि गवे, रानडुकरं शिवारात उतरतात. दांडेलीच्या बाजूनं कधी हत्तीही येतात. हत्ती आल्याची खबर असेल त्या आठवड्यात मुक्काम सरळ पुढे ढकला. डिसेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांसाठी उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये काजूची बोंडं पिकतात, पाणवठे आटतात आणि एका जागी बसून बघायला हा सगळ्यात चांगला काळ असतो. पण अस्वलंही याच दिवसांत जास्त फिरतात. मेअखेर ते पावसानं जोर धरेपर्यंत काजवे.

पाणपक्षी बघायचे असतील तर खानापूर चुकीची जागा आहे. त्यासाठी हिवाळ्यात गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यालगतच्या घटप्रभा पक्षी अभयारण्याकडे जायचं. ते रान वेगळं आणि त्याची तयारीही वेगळी.

टप्पा २: फोनवर हे विचारा, मगच पैसे पाठवा

फोटो बघून जागा ठरवू नका. मालकांशी किंवा तिथं राहणाऱ्या माणसाशी पाच मिनिटं बोला.

१. शेत आणि रान यांच्यामध्ये काय आहे? रस्ता, ओढा, पडीक जमीन की थेट झाडी? मध्ये उघडी पट्टी असेल तर ती जागा उत्तम, कारण जनावर झाडीतून बाहेर आलं की दुरून दिसतं.

२. "काका, कुंपणाची तार रात्री चालू असते का? कुठून कुठपर्यंत आहे?" हा प्रश्न कोणीच विचारत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. पुढे त्यावर लिहिलं आहे.

३. कुत्री किती? रात्री बांधतात का? मोकळी चार कुत्री असलेल्या शेतावर संध्याकाळी बसण्यात अर्थ नाही. शिवाय कुत्र्यांपायी बिबट्या घराजवळ येतो.

४. अंगणातले दिवे रात्री बंद करता येतात का?

५. त्या रात्री दुसरा कुठला गट आहे का आणि ते स्पीकर लावणार आहेत का? असतील तर तारीख बदला. यात भिडस्तपणा करू नका.

६. सर्पदंशाची लस जवळ कुठल्या दवाखान्यात मिळते आणि रात्री गाडी कोण चालवेल?

सहाव्या प्रश्नाला "अहो, तसलं काही होत नाही इथं" असं उत्तर आलं तर दुसरी जागा बघा. "खानापूरला सरकारी दवाखान्यात, नाहीतर सरळ बेळगावला, माझी जीप असते" असं उत्तर देणारा माणूस तुमच्या कामाचा.

> तपासा: भीमगड अभयारण्याची हद्द शेतापासून किती अंतरावर आहे हे विचारून घ्या. सुमारे १९० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. आत परवानगीशिवाय पाऊल टाकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. "आमचे लोक नेहमी जातात" हे पाहुण्यांना लागू होत नाही.

टप्पा ३: सामान

कपडे मातकट, शेवाळी किंवा राखाडी, पूर्ण बाह्यांचे. पांढरा आणि भडक निळा नको. जीन्स भिजली की वाळत नाही, पातळ पँट आणा. घोट्याच्या वर जाणारे बूट आणि पावसाळ्यात त्यावर घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे जळवांचे मोजे. माणशी एक डोक्याला बांधायची बॅटरी आणि सगळ्यांत मिळून एक जोरदार हातातली. डोक्याच्या बॅटरीला तांबडा दिवा नसेल तर काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन थर रबरानं बांधा. चिमटा, ओआरएसची चार पाकिटं, मीठ, बँडेज, ताप-दुखण्याच्या गोळ्या, १० रुपयांचं एक नाणं, वही-पेन्सिल. नाणं कशाला ते चौथ्या टप्प्यात येईल.

दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरते. १० पटीची घेतली तर हात हलतो आणि गर्द झाडीत पक्षी सापडत नाही. दुर्बीण जोडून घेणं घरीच उरका: उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला चित्र स्वच्छ करा, मग डावा मिटून उजव्या भिंगाची कडी फिरवा. कडीची ती खूण लक्षात ठेवा. हे न करता "हिच्यातून धूसरच दिसतं" म्हणणारे खूप भेटतात. पक्षी दिसला की त्याच्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावायची. मान खाली घालून दुर्बीण शोधली की पक्षी हरवला.

पेट्रोल बेळगावात किंवा खानापुरात भरा. जांबोटीच्या पुढे मोबाईलची रेंज जागोजागी जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या आणि मालकांचा, दवाखान्याचा, वनखात्याच्या स्थानिक कचेरीचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

टप्पा ४: पोचल्यावरचे पहिले दोन तास

दुपारी साडेतीनच्या आत पोचा, डिसेंबरात अडीचच्या आत. चोर्ला रस्त्यावर अंधारात गवे उभे असतात आणि काळ्या अंगाचा गवा दिव्यात फार उशिरा दिसतो. आधी पायातले पांढरे मोजे चमकतात, तोवर गाडी जवळ आलेली असते.

चहा घेतला की खोलीत पडू नका. मालकांबरोबर किंवा गड्याबरोबर शेताची हद्द एकदा चाला. या फेरीत चार गोष्टी बघायच्या.

पहिली, तार. सौर बॅटरीवरच्या झटका मशीनची तार ठरावीक अंतरानं झटका देते. बसला तर माणूस हादरून मागे पडतो, सहसा जीवावर बेतत नाही. पण काही ठिकाणी चोरून थेट विजेच्या लाइनवर तार जोडलेली असते आणि तिनं माणसं, जनावरं मेलेली आहेत. कोणती तार कशी आहे हे बघून कळत नाही. म्हणून कुठलीच तार हातानं, काठीनं, गवताच्या काडीनं तपासायची नाही. मुलांना तारेची जागा उजेडातच दाखवून ठेवा.

दुसरी, विहीर आणि ओढा. कठडा नसलेल्या विहिरी या भागात भरपूर आहेत.

तिसरी, वाऱ्याची दिशा. चुलीतली चिमूटभर राख बोटांतून सोडा आणि ती कुठं जाते ते बघा.

चौथी, खुणा. इथं घाई करू नका. अर्धा तास खुणांवर घातलात तर संध्याकाळी कुठं बसायचं ते इथंच कळतं. ओलसर वाट, ओढ्याची कड आणि बांधाच्या फटी बघा. ठसा दिसला की शेजारी १० रुपयांचं नाणं ठेवून सरळ वरून फोटो घ्या. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून ठशाचं माप नंतर काढता येतं.

कुत्रा आणि बिबट्या यांत गल्लत नेहमी होते. कुत्र्याच्या ठशात नखांच्या टोकांचे ठिपके उमटतात आणि ठसा लांबट असतो. बिबट्या नखं आत ओढून चालतो, ठसा गोलसर असतो आणि मागच्या गादीच्या खालच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. अस्वलाचा मागचा पाय अनवाणी पोराच्या पावलासारखा वाटतो आणि पुढच्या पायाच्या नखांचे ओरखडे बोटांपासून बरेच पुढे पडतात. भेकराचे खूर जेमतेम नाण्याएवढे किंवा थोडे लांब. रानडुकराच्या खुरामागे मऊ मातीत दोन छोटे खळगे दिसतात. गवा आणि म्हैस यांचे खूर चिखलात सारखेच दिसतात. तिथं आजूबाजूला बघा: गुराख्याच्या चपलेचा ठसा सोबत असेल तर गावची जनावरं. छातीएवढ्या किंवा त्याहून उंचीवर बुंध्याला चिखल घासलेला असेल तर गवा.

विष्ठाही बरंच सांगते. वाटेवरच्या उंच दगडावर बियांनी भरलेली लेंडी असेल तर उदमांजर. फोडलेलं वारूळ आणि शेजारी खोल खणलेला खड्डा म्हणजे अस्वल. हाताळू नका, काडीनं बाजूला करून बघा.

आता सूर्य मावळायच्या आत मातीची पाटी करा. जनावरांची वाट जिथं बांध ओलांडते तिथं वाटेवर आडवी, साधारण तीन फूट रुंद आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर जास्त अशी जागा झाडून घ्या. खडे-काटक्या काढा, चाळलेल्या मातीचा बोटाच्या एका पेराएवढा थर पसरा आणि पाल्याच्या फांदीनं सपाट करा. माती फार कोरडी असेल तर हातानं पाण्याचा हलका शिपका मारा, चिखल करू नका. मधोमध स्वतःचं एक बोट दाबून बघा. रेषा स्वच्छ उमटली तर पाटी जमली. कडा ढासळल्या तर पाणी कमी, बोटाला माती चिकटली तर जास्त.

> सावधान: पाटीजवळ खायला काहीही ठेवायचं नाही. शिळं अन्न, मटणाची हाडं, फळं, काहीच नाही. आज ठेवलेल्या आमिषामुळे जनावर घराकडे यायला शिकतं आणि त्याचा त्रास तुम्ही गेल्यावर तिथल्या माणसांना होतो.

> सावधान: बांधावर किंवा झुडपात चिंध्या, सुतळी गुंडाळलेला गोळा दिसला तर हात लावू नका. डुकरांसाठी ठेवलेला गावठी बॉम्ब असू शकतो. तारेचा फास दिसला तरी स्वतः सोडवू नका, मालकांना सांगा आणि वनखात्याला कळवायला लावा.

टप्पा ५: संध्याकाळची बैठक

सूर्य मावळायच्या दीड तास आधी बसायचं आणि पूर्ण अंधार पडायच्या आत घरात यायचं. डिसेंबरात साडेचारला, मे महिन्यात साडेपाचला बैठक सुरू झाली पाहिजे.

जागा निवडताना तीन गोष्टी जुळवा. मागे आधार हवा: राखणीच्या माळ्याचा खांब, गवताची गंजी, मोठा बुंधा. आधार असला की तुमची आकृती आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसत नाही. जनावराच्या वाटेपासून किमान शंभर पावलं लांब आणि कधीही वाटेवर नाही. आणि वारा त्यांच्याकडून तुमच्याकडे. उतारावर एक गोष्ट हमखास चुकते. दुपारी तापलेली हवा चढाच्या दिशेनं वर जाते, सूर्य कलला की थंड हवा उतारानं खाली वाहू लागते. दुपारी राख टाकून ठरवलेली जागा संध्याकाळी उलटी पडते. म्हणून जनावर वरच्या झाडीतून येणार असेल तर तुम्ही उताराच्या खालच्या बाजूला बसा आणि बसल्यावर पुन्हा एकदा राख सोडा.

राखण करायला बांधलेला माळा शेतात असेल तर मालकांना विचारून तो घ्या. मात्र किती माणसांचं वजन पेलेल तेही विचारा. साधारणपणे तीनच्या वर नको.

पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाही आणि नव्वद टक्के लोक इथंच उठतात. तुम्ही आलात तेव्हा गप्प झालेलं रान पुन्हा बोलू लागायला तेवढा वेळ लागतोच. आधी सातभाई कलकलतात, मग खार, मग दूर कुठंतरी मोर. हे आवाज परत आले म्हणजे तुमची बैठक जमली. आता डोळ्यांपेक्षा कानांवर भर द्या. वानरांचा टेहळ्या एका बाजूला तोंड करून खॉक-खॉक करू लागला आणि बाकीची टोळी झाडावर चढली, तर त्या बाजूला बिबट्या असण्याची शक्यता चांगली. भेकर मात्र माणसाला बघूनही भुंकतं, तेव्हा एकट्या भेकराच्या आवाजावर विश्वास ठेवू नका. सांबर आणि वानर दोघंही एकाच दिशेला ओरडत असतील तर हलू नका.

गवे आले तर मोजा, बघा आणि बसून राहा. कळप चरता चरता तुमच्याकडे सरकू लागला तर तो पन्नास पावलांवर येण्याआधी, पाठ न फिरवता, हळू मागं या. नर गवा डोकं खाली घेऊन फुरफुरला किंवा अंग आडवं करून उभा राहिला की तो तुम्हाला स्वतःचा आकार दाखवतोय. त्याची ती शेवटची सूचना समजा. एकटा नर आणि वासरू असलेली मादी, या दोघांपासून कळपापेक्षा जास्त अंतर ठेवा. मोबाईल पुढे करून चार पावलं जवळ जाणाऱ्यांवर गवे धावून येतात.

अस्वलाचं वेगळं आहे. त्याची नजर अधू, वारुळात तोंड घातलं की कानही बंद, आणि माणूस अचानक समोर आला की ते घाबरून हल्ला करतं. म्हणून बैठकीहून परत येताना गप्प येऊ नका. सगळे एकत्र, बॅटऱ्या लावून, साध्या आवाजात बोलत या.

> तपासा: घरी आल्यावर माणसं मोजा. कपड्यांच्या शिवणी, कमरपट्टा, काखा, गुडघ्याची मागची बाजू गोचिडांसाठी बघा.

टप्पा ६: रात्र

रात्री रानात जायचं नाही. अंगण, विहिरीची कड, भाताच्या खाचराचा बांध, एवढ्यातच बघण्यासारखं इतकं असतं की दोन तास पुरत नाहीत.

कोरड्या दिवसांत पतंगांची चादर लावा. पांढरी सुती चादर दोन झाडांमध्ये ताणून बांधा, खालची कड जमिनीवर पसरू द्या, कारण बरेच किडे खालीच बसतात. चादरीपुढे हातभर अंतरावर दिवा. १६० वॅटचा मर्क्युरी दिवा मिळाला तर उत्तम, साधा पिवळा एलईडी फारसा कामाचा नाही. रात्री आठ ते साडेदहा. अमावास्येच्या आसपास गर्दी जास्त होते, पौर्णिमेला चादर जवळजवळ रिकामी राहते. साडेदहाला दिवा बंद करा आणि चादर झटकू नका, तशीच अंधारात अर्धा तास राहू द्या म्हणजे किडे आपापले जातात. रात्रभर दिवा ठेवला तर पहाटे कोतवाल आणि बुलबुल येऊन सगळे वेचून खातात.

पावसाळ्यात चादर नको, बेडूक ऐका. आवाज आला की थांबा, तिघांनी तीन बाजूंनी बॅटरीचा झोत आवाजाकडे धरा. जिथं झोत मिळतात तिथं बेडूक. एकट्यानं शोधायला गेलात तर आवाज सतत बाजूला सरकल्यासारखा वाटतो. हातात घेऊ नका. हाताला लावलेलं डासांचं मलम त्यांच्या ओल्या कातडीला बाधतं.

काजव्यांसाठी सगळे दिवे बंद. दहा मिनिटं अंधारात उभं राहा, डोळे सरावले की झाड दिसेल. मोबाईलचा पडदासुद्धा उघडायचा नाही. काजवे धरून बाटलीत भरू देऊ नका, मुलांना आधीच सांगून ठेवा.

शेकोटी हवीच असेल तर जुलै ते ऑक्टोबर या काळात अंगणात, भोवती दगड लावून, पाण्याच्या दोन बादल्या शेजारी ठेवून. जानेवारी ते मे गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी शेजारच्या रानापर्यंत जाते. त्या महिन्यांत करू नका.

> सावधान: रात्री अनवाणी संडासलाही जायचं नाही. बूट घराबाहेर ठेवले असतील तर सकाळी उलटे करून आपटा. जमिनीवर झोपणार असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचूनच. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही.

टप्पा ७: पहाटेची पाटी आणि पक्ष्यांची फेरी

फटफटायच्या सुमारास उठा. आधी पाटी बघा. ऊन तिरकं असतं तेव्हा ठशांच्या सावल्या पडतात, नऊनंतर तोच ठसा सपाट दिसतो. नाणं ठेवा, फोटो घ्या, किती ठसे कुठल्या दिशेनं गेले ते वहीत लिहा. पाटी कोरी असेल तर पुन्हा सपाट करून दुसऱ्या रात्रीसाठी ठेवा.

मग फेरी. सूर्योदयापासून पहिले दोन-अडीच तास, चारपेक्षा जास्त माणसं नकोत, तासाला एक किलोमीटरच्या वर नको. फळांनी लगडलेला उंबर, वड किंवा नांदरुक सापडला की फेरी तिथंच थांबवा आणि झाडापासून तीस-चाळीस पावलांवर बसा. हरियल, तांबट, हळद्या, बुलबुल येतात, शेकरू येतं, आणि नशीब असेल तर धनेश. धनेश आधी ऐकू येतो: पंखांचा वाफेच्या इंजिनासारखा फस्-फस् आवाज हा मोठ्या धनेशाचा, तर खवचट हसल्यासारखी ओरड मलबारी राखी धनेशाची. ओढ्याकाठी पोरानं सहज शीळ घालावी तसा सूर आला तर तो शीळकरी कस्तूर.

फेब्रुवारी ते मे धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून एका फटीतून तिला खाऊ घालतो. ढोलीजवळ माणसं उभी राहिली तर नर चोचीत फळ घेऊन लांब बसून राहतो आणि आत पिल्लं उपाशी राहतात. अशी ढोली कोणी दाखवली तर पन्नास मीटरवरून, दहा मिनिटं, आणि जागेचा नकाशा कुठंही टाकू नका.

मोबाईलवर पक्ष्यांची शीळ वाजवून त्यांना बोलावणं ही चूक सध्या फार वाढली आहे. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर आला. मग पिल्लं सोडून तो त्याच्या मागे लागतो. करू नका.

बारापेडी गुहांकडे "वटवाघळं दाखवतो" म्हणून कोणी नेत असेल तर नकार द्या. तिथलं रॉटनचं वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं, ते ठिकाण अभयारण्यात आहे आणि बॅटरीच्या उजेडानं उठलेला थवा पिल्लं पाडतो.

टप्पा ८: ओढा, नदी, धबधबा

दुपारचा हा भाग थोडक्यात. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई भीमगडच्या रानात. दोन्हींचे फाटे पावसाळ्यात तासाभरात चढतात, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा, काटक्या वाहू लागल्या किंवा ओढ्याचा आवाज बदलला की सामान गोळा करत बसू नका, सरळ वर चढा. खानापूर तालुक्यातल्या धबधब्यांवर पावसाळ्यात वनखातं आणि पोलीस बंदी घालतात. निघायच्या आदल्या दिवशी मालकांकडून खात्री करून घ्या आणि बंदी असेल तर आडवाटेनं जाऊ नका. अशा आडवाटांवरच माणसं बुडतात.

जळू चिकटली तर ओढून काढायची नाही. नख चपटं धरून आधी तिचं बारीक टोक बाजूला सरकवा, मग जाड टोक. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेनं ते गोठत नाही. साबणानं धुवा, कापूस दाबून धरा.

टप्पा ९: काही झालंच तर

साप चावला: माणसाला बसवा किंवा आडवा करा, अंगठ्या-कडी-पैंजण काढा, चावलेला अवयव फळकुटाला सैल बांधून हलू देऊ नका आणि गाडी काढा. १०८ ला फोन लावा, पण रुग्णवाहिकेची वाट बघत थांबू नका, तिला वाटेत येऊन भेटायला सांगा. आवळून दोरी बांधणं, चिरा देणं, तोंडानं ओढणं, पाला लावणं, मांत्रिक, यातलं एकही नाही. साप मारून सोबत न्यायची गरज नसते. भारतात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. इथल्या झाडीत दिसणाऱ्या चापड्यावर ती लागू नाही, तरीही दवाखान्यात जायचंच, कारण सूज आणि दुखणं तिथंच आटोक्यात येतं. किती वाजता चावला ते हातावर पेनानं लिहा.

गोचीड चिकटला: चिमट्यानं कातडीला टेकून धरा आणि सरळ वर ओढा. पिळू नका, चिरडू नका, रॉकेल किंवा जळती उदबत्ती लावू नका. डिसेंबर ते मे या काळात गोचिडांची पिल्लं तिळाएवढी असतात, अंगावर तीळ आहे असंच वाटतं. त्यांच्यातून माकडताप पसरतो आणि या सीमाभागात तो ठाऊक असलेला आजार आहे. म्हणून या महिन्यांत वाळल्या पाल्यावर बसायचं नाही, पँट मोज्यात खोचायची, परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकायचे आणि साबण लावून अंघोळ करायची. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, जागा लक्षात ठेवून मालकांमार्फत आरोग्य केंद्राला कळवा.

टप्पा १०: निघताना आणि घरी पोचल्यावर

मातीची पाटी मोडा, चादरीच्या दोऱ्या झाडांवरून सोडा. प्लास्टिक, सॅनिटरी पॅड, बॅटरीचे सेल बेळगावला परत न्या, कारण शेतावरच्या खड्ड्यात टाकलेला कचरा रात्री कोल्हे आणि कुत्री उकरतात. पिसं, शिंगं, साळिंदराचे काटे, ऑर्किडं काहीही सोबत न्यायचं नाही. बाकीचं राहू द्या, नुसता साळिंदराचा काटा गाडीत सापडला तरी तपासणी नाक्यावर उत्तर देता येत नाही. काय दिसलं, कुठं आणि किती वाजता, त्या नोंदींची एक प्रत मालकांना द्या. पुढच्या पाहुण्याला कुठं बसवायचं ते त्यांना त्यावरून कळतं.

घरी आल्यावर कॅलेंडरवर परतीची तारीख लिहा. पुढच्या दोन आठवड्यांत एकाएकी ताप चढला, डोकं आणि अंग सणकून दुखू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. "खानापूरच्या रानात राहून आलो, अमुक तारखेला परतलो, गोचीड चावले होते" हे वाक्य त्यांनी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा.